रोजच्या नोंदीसाठी कॅमेरा : निवड आणि पूर्वतयारी

गावात एखादे विकासकाम पूर्ण झाले, शाळेत एखादा उपक्रम पार पडला किंवा नैसर्गिक आपत्तीने पिकांचे नुकसान झाले, की त्याचा अहवाल तयार होतो आणि त्या अहवालास छायाचित्र जोडण्यात येते. शब्दांनी जे पटत नाही ते छायाचित्र एका दृष्टिक्षेपात पटवते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. परंतु छायाचित्र पटावयाचे असेल, तर ते स्पष्ट असले पाहिजे, ते केव्हाचे आहे हे निर्विवाद असले पाहिजे आणि हवे तेव्हा ते सापडले पाहिजे. या तीनही गोष्टी छायाचित्रकाराच्या प्रतिभेवर अवलंबून नसून बहुतांशी कॅमेऱ्याच्या योग्य निवडीवर आणि तो वापरात आणण्यापूर्वी केलेल्या तयारीवर अवलंबून असतात.

याचा धडा प्रस्तुत लेखकाला स्वतःच्या चुकीतून मिळाला. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात गारपीट झाली. दुसऱ्याच दिवशी द्राक्षबागांची छायाचित्रे घेण्यासाठी कार्यालयाचा कॅमेरा घेऊन जाण्याचा योग आला. छायाचित्रे उत्तम आली. परंतु कॅमेरा अनेक महिने कपाटात पडून होता, त्याची बॅटरी पूर्ण उतरली होती आणि त्यामुळे आतील घड्याळ मूळ तारखेवर गेले होते. बॅटरी भारित करून घाईने बाहेर पडताना ते पाहण्याचे राहून गेले. परिणामी सर्व छायाचित्रांवर अनेक वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीची नोंद झाली. पुढे "ही छायाचित्रे याच गारपिटीची कशावरून?" असा प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा समाधानकारक उत्तर देता आले नाही. बागा खऱ्या होत्या, नुकसान खरे होते. केवळ दोन मिनिटांची तयारी न केल्याने पुरावा मात्र दुबळा ठरला.

फिल्मपासून संवेदकापर्यंत

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. भिंगातून आलेला प्रकाश या संवेदकावरील लक्षावधी सूक्ष्म बिंदूंवर पडतो, त्याचे विद्युतभारात रूपांतर होते आणि तो भार मोजून आकड्यांच्या रूपाने साठविला जातो. अशा संवेदकाची मूळ कल्पना विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याचे चित्र अवघ्या १०,००० बिंदूंचे असे आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास २३ सेकंद लागत. आज तळहातावर मावणारा कॅमेरा दोन कोटींहून अधिक बिंदूंचे चित्र क्षणार्धात नोंदवितो. साधन इतके सुलभ झाल्यामुळेच त्याची निवड विचारपूर्वक करण्याची गरज निर्माण झाली आहे.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. दिवसाच्या उजेडात, जवळच्या वस्तूंची छायाचित्रे घेण्यास चांगला मोबाइल पुरेसा असतो. ज्या योजनांमध्ये विशिष्ट ॲपमधूनच छायाचित्र घेणे बंधनकारक आहे, तेथे तर मोबाइलला पर्यायच नाही. ज्या ग्रामपंचायतीची किंवा शाळेची गरज एवढीच आहे, तिने स्वतंत्र कॅमेऱ्यावर खर्च करू नये.

तथापि, काही ठिकाणी मोबाइल अपुरा पडतो. सभागृहाच्या मागील बाजूने व्यासपीठावरील वक्त्याचे छायाचित्र घ्यावयाचे असेल, सायंकाळच्या ग्रामसभेत मंद प्रकाश असेल, कबड्डीच्या सामन्यातील चपळ हालचाल टिपावयाची असेल किंवा छायाचित्र मोठ्या आकारात छापावयाचे असेल, तर स्वतंत्र कॅमेऱ्याचा उपयोग प्रकर्षाने जाणवतो. याशिवाय एक प्रशासकीय कारणही आहे. मोबाइल ही व्यक्तीची मालमत्ता असते. अधिकाऱ्याची किंवा शिक्षकाची बदली झाली, की मोबाइलबरोबर चार-पाच वर्षांची छायाचित्रेही गावाबाहेर जातात. कॅमेरा मात्र संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीत असतो आणि त्यातील चित्रे संस्थेकडे राहण्याची शक्यता अधिक असते.

निवड करताना

कॅमेरा घेण्यास गेलेला ग्राहक सर्वप्रथम मेगापिक्सेलचा आकडा विचारतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदू. सहा इंच बाय चार इंच आकाराचे उत्तम छायाचित्र छापण्यास दर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने सुमारे २२ लक्ष बिंदू लागतात, तर ए-४ आकाराचे पूर्ण पान छापण्यास सुमारे ८७ लक्ष. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा ही मर्यादा ओलांडून गेलेला आहे. तेव्हा १६ की २४ की ४० मेगापिक्सेल, या प्रश्नाला दैनंदिन कामाच्या दृष्टीने फारसे महत्त्व उरलेले नाही.

खरे महत्त्व आहे ते संवेदकाच्या आकाराला. पावसाचे पाणी साठविण्यासाठी परात ठेवली तर वाटीपेक्षा अधिक पाणी जमते, तसेच मोठ्या संवेदकावर अधिक प्रकाश जमतो. लहान सुटसुटीत कॅमेऱ्यांत बहुधा सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर आकाराचा संवेदक असतो. एपीएस-सी नावाने ओळखला जाणारा संवेदक सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या जवळजवळ तेरापट असतो. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. परंतु त्याची भिंगे वजनाने आणि किमतीने जड असतात. शाळा, ग्रामपंचायत आणि कार्यालये यांच्या सर्वसाधारण कामासाठी एपीएस-सी किंवा त्याहून किंचित लहान असा मायक्रो फोर थर्ड्‌स हा संवेदक योग्य मध्यममार्ग ठरतो. खरेदीचे विनिर्देश तयार करताना केवळ मेगापिक्सेल लिहिले, तर सर्वांत लहान संवेदकाचा स्वस्त कॅमेरा पात्र ठरून माथी येण्याचा संभव असतो. म्हणून विनिर्देशात संवेदकाचा आकार आवर्जून नमूद करावा.

दुसरी बाब भिंगाची. एपीएस-सी कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः १८ ते ५५ किंवा १६ ते ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग मिळते. वर्गखोली, बैठक, रस्त्याचे काम, लहान समूह या सर्वांस ते पुरेसे असते. दूरच्या व्यासपीठासाठी किंवा मैदानी खेळांसाठी २०० मिलिमीटरपर्यंत जाणारे दुसरे भिंग लागते. परंतु ते पहिल्याच दिवशी घेण्याची आवश्यकता नाही. सहा महिने काम करून, खरोखर कोठे अडते हे पाहून मगच ते घ्यावे.

तिसरी बाब हाताळणीची. आपल्याकडील कडक उन्हात मागील पडदा दिसेनासा होतो. अशा वेळी डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असलेला कॅमेरा सोयीचा ठरतो. आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या डीएसएलआर कॅमेऱ्यात एका भारणात पुष्कळ छायाचित्रे निघतात. आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यात त्यामानाने कमी, बहुधा तीनशे-चारशेच्या आसपास निघतात. त्यामुळे मिररलेस कॅमेऱ्याबरोबर दुसरी बॅटरी घेणे अगत्याचे आहे. निधी मर्यादित असल्यास सुस्थितीतील वापरलेला डीएसएलआर एखाद्या शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला स्वतःसाठी घेण्यास हरकत नाही. मात्र घेताना भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहावे आणि पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेऊन त्यावर काळे डाग येतात काय, याची खात्री करावी.

वापरापूर्वीची मांडणी

कॅमेरा खोक्यातून बाहेर काढल्यावर पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

एक : बॅटरी पूर्ण भारित करावी. त्यानंतर सर्वप्रथम तारीख, वेळ आणि कालविभाग लावावा. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. कालविभाग चुकला तर सकाळची प्रभातफेरी मध्यरात्रीची म्हणून नोंदली जाते. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि घेतलेली मापे यांची नोंद आपोआप होत असते. ही नोंद म्हणजे छायाचित्राचा जन्मदाखलाच होय. बॅटरी दीर्घकाळ उतरलेली राहिल्यास घड्याळ पुसले जाते, म्हणून महिन्यातून एकदा ती भारित करावी आणि महत्त्वाच्या कामावर निघण्यापूर्वी घड्याळ पाहण्याची सवय ठेवावी. घड्याळ चुकीचे असल्याचे कामाच्या ठिकाणी उशिरा लक्षात आले, तर मोबाइलच्या पडद्यावरील अचूक तारीख व वेळ यांचे एक छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने तत्काळ घ्यावे. त्यावरून किती फरक आहे हे नंतर सिद्ध करता येते. वरील गारपिटीच्या वेळी ही साधी युक्ती सुचली असती, तर ती छायाचित्रे वाया गेली नसती.

दोन : स्मरणपत्रिका, म्हणजे मेमरी कार्ड, कॅमेऱ्यातच घालून तिचे फॉरमॅटिंग करावे. यामुळे तिच्यावरील जुनी चित्रे पुसली जातात, म्हणून आधी ती संगणकावर उतरवून घेतल्याची खात्री करावी. चुकून चित्रे पुसली गेल्यास ती पत्रिका पुढे वापरू नये. तिच्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर जुनी चित्रे बहुधा परत मिळविता येतात.

तीन : चित्राचा प्रकार जेपेग, आकार सर्वांत मोठा आणि दर्जा सर्वोत्तम ठेवावा. २४ मेगापिक्सेलचे असे चित्र सुमारे १० एमबी जागा घेते, म्हणजे ६४ जीबी पत्रिकेवर पाच-सहा हजार चित्रे मावतात. जागा वाचविण्यासाठी दर्जा कमी करणे हे आता अनाठायी आहे. 'रॉ' नावाचा प्रकार संगणकावर संस्करण करणाऱ्यांसाठी उपयुक्त आहे. नोंदीच्या कामास त्याची गरज नाही. फाइल क्रमांक मात्र 'सलग' ठेवावेत, म्हणजे दोन वेगळ्या चित्रांना एकच क्रमांक येत नाही.

चार : प्रकाशमापनासाठी 'पी' हा कार्यक्रम निवडावा. यात भिंगाच्या छिद्राचा आकार आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवितो. आपणास हवे ते बदल करण्याची मुभा राहते. संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, स्वयंचलित ठेवून तिची कमाल मर्यादा एपीएस-सी कॅमेऱ्यात ३२०० किंवा ६४०० ठेवावी. शटरचा किमान वेग ठरविण्याची सोय असल्यास तो सेकंदाचा १/१२५ भाग ठेवावा. हस्तांदोलन करणारी, बोलणारी माणसे याहून मंद वेगात पुसट येतात. धावणाऱ्या खेळाडूंसाठी १/५०० किंवा त्याहून अधिक वेग हवा.

पाच : ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिव्यांच्या प्रकाशात छायाचित्रावर आडवे काळसर पट्टे येतात. आपल्याकडील वीजप्रवाह ५० हर्ट्‌झचा असल्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, हे त्याचे कारण होय. अशा ठिकाणी शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवावा, आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटरऐवजी यांत्रिक शटर वापरावे आणि कॅमेऱ्यात मिणमिण टाळण्याची सोय असल्यास ती चालू करावी. रंगांचा समतोल राखणारी 'व्हाइट बॅलन्स' ही मांडणी स्वयंचलित असू द्यावी.

सहा : प्रकाशाची दुरुस्ती कशी करावयाची, हे एकदा शिकून घ्यावे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि मागे चुन्याने रंगविलेली भिंत असे दृश्य आले, की तो प्रकाश कमी करतो आणि नेमके चेहरे काळवंडतात. अशा वेळी अधिक-उणे चिन्हाचे बटण दाबून प्रकाश +०.७ किंवा +१ असा वाढवावा. याउलट काळ्या फळ्यासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र घेताना तो तेवढाच कमी करावा.

ही मांडणी झाल्यावर तिची एका कागदावर नोंद करून तो कागद कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवावा. कॅमेरा अनेकांच्या हातून जातो; कोणी काय बदलले हे शोधत बसण्यापेक्षा कागदाप्रमाणे पुन्हा सर्व लावून घेणे सोपे जाते.

छायाचित्र घेताना

कामाची नोंद करताना प्रत्येक वेळी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत : परिसर ओळखू येईल असे दुरून, काम पूर्ण दिसेल असे मध्यम अंतरावरून आणि तपशील दिसेल असे जवळून. भेगा, खड्डे, गारांचे व्रण यांच्या छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी. मोजपट्टी नसल्यास सर्वांच्या परिचयाची एखादी वस्तू ठेवावी. बंधारा, शेततळे किंवा शाळाखोली यांची कामापूर्वी, काम चालू असताना आणि काम संपल्यावर घेतलेली छायाचित्रे एकाच जागेवरून घेतली, तरच बदल डोळ्यांत भरतो. त्यासाठी एखादे झाड, विजेचा खांब किंवा मैलाचा दगड खूण म्हणून ठरवून ठेवावा.

माणसांची छायाचित्रे घेताना त्यांच्या प्रतिष्ठेचे भान राखणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मदत स्वीकारणाऱ्या व्यक्तीला मान खाली घालून उभे करणे टाळावे. विद्यार्थ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करावयाची असतील तर पालकांची संमती अगोदर घ्यावी.

जतन

छायाचित्र घेणे हे अर्धे काम; जतन करणे हे उरलेले अर्धे. एकच प्रत एकाच ठिकाणी ठेवली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेली बहुतेक तैलचित्रे लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेली. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम नव्याने केले. त्या चित्रांपैकीही पुष्कळशी १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाली. हाताने काढलेल्या त्या चित्रांच्या जादा प्रती करून ठेवणे त्या काळी अशक्यप्राय होते. आपणास मात्र डिजिटल चित्राची तंतोतंत दुसरी प्रत काही सेकंदांत करता येते. तेव्हा आपण ती केली नाही, तर त्यास सबब उरत नाही.

म्हणून कार्यक्रम संपल्यावर त्याच दिवशी चित्रे संगणकावर उतरवावीत आणि दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र फोल्डर करून त्यास वर्ष, महिना, दिवस, गाव आणि विषय या क्रमाने नाव द्यावे, म्हणजे फोल्डर आपोआप कालानुक्रमे लागतात. मूळ चित्रात कोणताही फेरफार करू नये; कातरणे किंवा उजळणे आवश्यक असेल तर ते प्रतीवर करावे. संदेशवहनाच्या ॲपवरून पाठविलेले चित्र बहुधा लहान केले जाते आणि त्यातील तारखेची मूळ नोंदही गळून पडते. त्यामुळे असे चित्र हे मूळ चित्र मानू नये. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करताना विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. मूळ फाइल आणि कॅमेरा दोन्ही संस्थेकडे सुस्थितीत असतील, तर असे प्रमाणपत्र देणाऱ्याचे काम निश्चितच सुकर होते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट प्रदेशात, भिंगावर बुरशी चढते. कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढून वापरावा. वापरातला कॅमेरा सहसा बिघडत नाही, कपाटातला बिघडतो.

छायाचित्रण ही कला आहे, हे खरेच. परंतु गावाच्या दप्तरातील छायाचित्र प्रथम नोंद असते आणि नंतर कला. ज्या शेतकऱ्याच्या बागेचे नुकसान झाले, ज्या वस्तीचा रस्ता खचला किंवा ज्या शाळेची भिंत पडली, त्यांची बाजू कित्येकदा त्या एका चित्रालाच मांडावी लागते. ते चित्र स्पष्ट, सत्य आणि सुरक्षित राहील याची व्यवस्था करणे, हे कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्याची सुरुवात आजच करता येईल : आपल्या संस्थेचा कॅमेरा कपाटातून बाहेर काढावा, बॅटरी भारित करावी आणि त्यातील घड्याळात आज कोणती तारीख आहे, हे पाहावे.